पाण्याने घडविलेला कुत्रा : लॅब्राडोर

शिकारीच्या कुत्र्यांमध्ये लॅब्राडोरचे काम वेगळे आहे. तो सावजाचा पाठलाग करून त्यास मारीत नाही. धन्याने बंदुकीने पाडलेला पक्षी हुडकावा, तो पाण्यात पडला असल्यास पोहत जावे आणि दात न रुतविता धन्याच्या हाती आणून द्यावा, हे त्याचे काम होय. हा गुण त्याच्या अंगी कसा आला, हे प्रत्येक पशुपालकाने जाणून घेण्यासारखे आहे.

कोळ्यांचा सोबती

नाव लॅब्राडोर असले, तरी या जातीचे मूळ कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील न्यूफाउंडलँड बेटावर आहे. तेथील कॉड मासळी धरणारे कोळी ‘सेंट जॉन्स’ नावाची आखूड केसांची काळी कुत्री बाळगीत. गळातून निसटलेला मासा तोंडात धरून आणणे व जाळ्याचे दोर ओढणे ही त्यांची नित्याची कामे होती. गार पाण्यात टिकून राहणाऱ्या कुत्र्यांचीच पैदास पुढे होत गेली. पाणी आत झिरपू न देणारे दुपदरी केस, बोटांमधील पडदा आणि सुकाणूप्रमाणे उपयोगी पडणारी जाड शेपटी ही आजच्या लॅब्राडोरची लक्षणे त्याच वारशातून आली आहेत.

मायदेशी नाश, परदेशी रक्षण

न्यूफाउंडलँडमध्ये मेंढीपालनास उत्तेजन देण्यासाठी एका कुटुंबाने एकाहून अधिक कुत्रा बाळगू नये, असा आदेश १७८० मध्ये निघाला. पुढे १८८५ च्या मेंढी-संरक्षण कायद्याने कुत्री बाळगण्यावर आणखी निर्बंध आले. कुत्र्यांची संख्या घटत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉन्स जात नामशेष झाली.

तिचा वंश टिकला तो इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये. मासळीच्या गलबतांतून इंग्लंडच्या पूल बंदरात आलेली काही कुत्री माम्सबरी घराण्याने पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी पाळली. १८८० नंतर त्यांतील नेड, एव्हन इत्यादी कुत्री स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याकडे गेली. कामात उत्तम ठरलेल्या कुत्र्यांपासूनच त्यांनी पैदास केली. १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीस मान्यता दिली.

पाळणाऱ्याने घ्यावयाची दक्षता

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. म्हणून पाण्यात लाकडाचा तुकडा टाकून तो आणावयास लावावा. कुत्र्याची हौस भागते व व्यायामही घडतो. मात्र पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कुत्र्यास कधीही सोडू नये. त्यास पोहता येते, परंतु निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. तो दमतो व बुडतो. शेततळ्यास कुंपण असावे व काठावर गाठी मारलेले दोर बांधून आत सोडलेले असावेत. माणसाचा पाय घसरला तरी हेच दोर उपयोगी पडतात. विहिरीचाही धोका असाच समजावा.

२. दुपदरी केसांमुळे त्यास उन्हाळा सोसत नाही. सकाळी लवकर वा संध्याकाळीच फिरवावे. सावली व ताजे पाणी सदैव असावे.

३. ही जात खादाड आहे. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोर कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव मंद करणारा आनुवंशिक दोष असतो, असे केंब्रिज येथील संशोधकांस २०१६ मध्ये आढळले. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणतः २९ ते ३६ किलोग्रॅम असावे. आहार मोजूनच द्यावा.

४. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. पोहून आल्यावर अंग व कान कोरडे करावेत.

५. पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती पुन्हा देत जावी. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.

लॅब्राडोरची जात दिखाऊपणामुळे नव्हे, तर कामाची पारख करून केलेल्या निवडीमुळे टिकली. गाय, शेळी वा बियाणे यांची निवड करतानाही हाच नियम लागू पडतो. ज्यांच्याजवळ पाणी, सावली व रोज देण्यास वेळ आहे, त्यांनीच हा कुत्रा पाळावा. केवळ राखणीसाठी कुत्रा हवा असल्यास येथल्या उन्हात वाढलेला गावठी कुत्रा पुरेसा आहे. त्यासही लस टोचण्यास मात्र विसरू नये.