इंडिया गेटवरची नावं आणि बसऱ्याचे आकडे

ऑगस्ट उजाडला की जालन्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो: इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं, त्यात अमुक धर्माचे इतके, तमुक धर्माचे तितके. पुढे ढकलणाऱ्यानं ती भिंत वाचलेली नसते, हे वेगळं सांगायला नको.

ती कमान स्वातंत्र्यसैनिकांची नाहीच. पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेतून मेलेल्यांसाठी ती उभारली. पायाभरणी १९२१ ची, उद्घाटन १९३१ चं. कोरलेली नावं सुमारे १३ हजार, त्यांत गोरे अधिकारीही आले. मग धर्मवार मोजणी केली कोणी?

हे पटलं की पुढचा प्रश्न येतो: ‘म्हणजे मेलेले सगळे तिथं आहेत ना?’ नाहीत! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या आयोगाच्या नोंदींनुसार पहिल्या महायुद्धात ७४ हजारांवर हिंदी सैनिक गेले. फ्रान्समध्ये ज्यांना थडगंही मिळालं नाही, त्यांची नावं तिथल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर आहेत, साध्या शिपायासकट. पण आपल्या मराठा पलटणींनी जास्त माणसं गमावली ती इराकात. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. आणि इराकातल्याच बसऱ्याच्या स्मारकावर काय कोरलं? पलटणीचं नाव, अधिकाऱ्यांची नावं आणि खाली शिपायांचा नुसता आकडा. हा भेदभाव आयोगानं २०२१ च्या अहवालात स्वतःच कबूल केला आणि माफी मागितली.

‘आपण निजामाकडं, आपल्याकडचं कोण जाणार?’ हेही नेहमीचंच. जालन्यात १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या इंग्रजी फौजेची, छावणी होती. त्याच फौजेतून निघालेली ९८ वी इन्फंट्री नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगाला लढली. तिथं गोळ्यांसोबत चवताळलेल्या मधमाश्याही शिपायांवर तुटून पडल्या. त्याच फौजेतून आलेल्या डेक्कन हॉर्स या घोडदळाचे स्वार १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाले घेऊन धावले. अर्थात या पलटणींत उत्तरेकडचे शिपाई भरपूर, तेव्हा छावणी जालन्याची म्हणून प्रत्येक स्वार जालन्याचा ठरवू नका.

पॅलेस्टाइनमधल्या हायफाची १९१८ ची घोडदौड निजामाच्या लान्सर्सनी केली? ती म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांनी. हैदराबादचे त्याच ब्रिगेडमध्ये होते, म्हणून दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती त्यांची.

सगळे गोळीनं मेले? इराकात कॉलरा, ऊन आणि उपासमारीनंही पुष्कळ नेले.

दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे यांची इटलीत कबर आहे? नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

घरातल्या कुणाचा शोध घ्यायचा असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर नावांची यादी आहे. मात्र तिथं ‘जालना जिल्हा’ शोधत बसू नका. तो १९८१ चा. हैदराबाद संस्थान, औरंगाबाद आणि परतूरकरांनी परभणी असं धुंडाळा, आणि आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं चार तऱ्हांनी घालून पाहा. कारकुनानं ऐकू येईल तसं उतरवलेलं असतं.