गृहकर्ज आणि घराचे घरपण

लूकलिखित शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की, बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आज गृहकर्ज फेडीत आहेत. त्यांनीही हा हिशेब पतिपत्नींनी एकत्र बसून करावयास हवा.

२० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजातच जातात. मुद्दल जेमतेम ३,००० रुपयांनी घटते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जादा रक्कम अधिक उपयोगी पडते. दरवर्षी एक हप्ता अधिक भरल्यास हेच कर्ज मुदतीच्या तीन वर्षांहून अधिक आधी फिटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली आहे.

हा जादा हप्ता कोठून काढावा? मुलांचे दूध, वृद्धांची औषधे आणि आजारपणासाठी ठेवलेली शिल्लक यांना हात लावू नये. कम्युनियन व लग्नसोहळ्यांतील देखाव्याला मात्र आपण कात्री लावू शकतो. सततच्या जादा पाळ्यांमुळे सायंकाळची रोझरी व एकत्र जेवण बंद पडत असेल, तर कर्ज थोडे सावकाश फिटलेले बरे. ज्या कुटुंबासाठी घर घेतले, ते कुटुंब त्या घरात एकत्र नांदावयास हवे.