पुढचं चाक रस्ता कसा धरून ठेवतं?

गाडीच्या सस्पेन्शनचं पहिलं काम टायर रस्त्याला टेकवून ठेवण्याचं. कमरेला मिळणारा आराम त्यानंतरचा. टायर क्षणभर जरी रस्त्यावरून सुटला, तरी तेवढ्या क्षणात तो ना ब्रेकला दाद देतो, ना स्टिअरिंगला. त्यातही ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या चाकांची जबाबदारी मोठी.

1998 मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून आलेली टाटा इंडिका घ्या. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते आणि आजही बहुतेक छोट्या गाड्यांत हीच रचना दिसते. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या प्रत्येक पुढच्या चाकाला मात्र वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने 1940 च्या दशकात वरचा आर्म काढून त्याचं काम शॉकअपच्या नळीकडेच सोपवलं. 1950 मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला ही रचना मिळाली. पुढे इंजिन आडवं बसवून पुढचीच चाकं फिरवणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा वरचा आर्म गेल्याने बॉनेटखाली वाचलेली जागा फार मोलाची ठरली.

नळीचं खालचं टोक नकलला, म्हणजे चाक पेलणाऱ्या भागाला, बोल्टने घट्ट जोडलेलं असतं, वरचं टोक रबरी माउंटमधून बॉडीला. भोवती स्प्रिंग. खालचा लोअर आर्म रबरी बुशवर वर-खाली झुलतो, पण चाकाला आत-बाहेर सरकू देत नाही. आर्म आणि नकल यांना बॉल जॉइंट जोडतो. स्टिअरिंग फिरवलं की टाय रॉड नकलला ढकलतो आणि अख्खा स्ट्रट, स्प्रिंगसकट, वरच्या बेअरिंगवर वळतो.

चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते. पण ती धक्क्याची ऊर्जा नुसती साठवते आणि लगेच परत करते. एकट्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला एक-दीड हेलकावे घेत डोलत राहील. ते डोलणं शॉकअप थांबवतो. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात बारीक छिद्रांचा पिस्टन. पिस्टन जितक्या वेगाने सरकतो, तितका तेलाचा अडथळा वाढतो. स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा तिथे उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर नळी हाताला गरम लागते ती यामुळेच.

वेगाबरोबर वाढणारा हाच अडथळा आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडीच्या मुळावर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार स्पीडब्रेकर गाडीच्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच हवा. ताशी 25 किलोमीटर वेगाने तो ओलांडायला चाकाला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात स्प्रिंग आणि शॉकअप आपापलं काम नीट करतात. तेच चाक त्याच वेगाने गल्लीत स्पीडब्रेकर म्हणून टाकलेल्या फूटभर रुंदीच्या पट्ट्यावरून गेलं, तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात सगळं उरकतं. इतक्या झटक्याने तेल छिद्रांतून सहज सरकत नाही, शॉकअप जवळजवळ ताठ होतो आणि मार बुश, माउंट, बॉल जॉइंट यांना बसतो. 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था ज्या पुणे शहराच्या वेताळ टेकडीवर आहे, तिथे तरी असे पट्टे राहू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टे निघेपर्यंत आपल्या हातात तपासणी आहे. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं दिसलं, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला किंवा ब्रेकनंतर गाडीचं तोंड डोलत राहिलं, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. दोन्ही बाजूंचे शॉकअप जोडीनेच बदला आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.