साठ छर्ऱ्यांची परीक्षा

25 जुलै 2021. टोकियो ऑलिंपिकच्या ऐन पात्रता फेरीत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर अडकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात तिनं कांस्यपदक घेतलं. नेम तिच्याकडे टोकियोतही होता. दगा दिला तो हत्यारानं. म्हणून विरार फास्टच्या गर्दीत पिस्तुलाची पेटी पोटाशी धरून वरळीच्या रेंजवर निघालेली मुलं दिसली, की मला पहिला प्रश्न पडतो तो त्या पेटीतल्या वस्तूचा.

हे पिस्तूल दाबाखालच्या हवेवर चालतं. सिलिंडरमध्ये 200 बार दाब, छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्रा नळीबाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागोमाग हवेचा झोतही सुटतो. तो छर्ऱ्याच्या बुडावर आदळला तर छर्रा डळमळतो. नळीच्या तोंडाशी बसवलेला कॉम्पेन्सेटर हा झोत छर्ऱ्यापासून तोडतो आणि भोकांवाटे वर सोडतो. वर सुटणाऱ्या हवेच्या रेट्यानं पिस्तुलाचं तोंड उचललं जात नाही. मात्र कॉम्पेन्सेटरचा स्क्रू सैल असला किंवा आत शिसं साचलं, तर चांगला ग्रुप, म्हणजे एकमेकांजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका, फुटतो. म्हणून चाचणीआधी तो उघडून पुसायचा. आपल्या वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत तर पावसाळ्याचे चार महिने हे चुकवून चालत नाही. उघड्या डब्यातल्या शिशाच्या छर्ऱ्यांवरही पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो.

अचूकता तपासायची तर पिस्तूल शिकंज्यात आवळून 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर डोक्याचे छर्रे वेगवेगळे मारून पाहतात. ज्या मापाची भोकं एकमेकांत मिसळतात, ते माप त्या नळीचं. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. मग तेच छर्रे हातानं मारायचे. ग्रुप जितका पसरला, तितका आपला दोष.

भरवसा मोजक्या छर्ऱ्यांत कळत नाही. सामन्यात 75 मिनिटांत 60 छर्रे, म्हणून चाचणीतही पूर्ण साठ. चापाला 500 ग्रॅमचं वजन लावून पाहायचं; ते न उचलता चाप सुटला तर पिस्तूल नियमात बसत नाही. सिलिंडरवरची तारीखही वाचायची, त्याचं आयुष्य दहा वर्षांचं.

पण माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित परीक्षा मुठीची. दीड किलोपर्यंतचं पिस्तूल एकाच हातानं पेलायचं असतं. डोळे मिटून हात उचला, मग उघडा: पुढची आणि मागची साइट रेषेत आली, तर मूठ तुमची. नाही आली, तर मनगट वाकवून साइट जुळवू नका. लाकडाला कानस लावा, कमी पडेल तिथं पुट्टी भरा. शेवटच्या दहा छर्ऱ्यांचा ग्रुप पहिल्या दहांपेक्षा पसरला, की बोटं कुठं दुखताहेत ते आधी बघा. घामानं मूठ सरकते का, तेही.

दुसऱ्याच्या हाताला बसलेलं पिस्तूल तुमच्या हाताला बसेलच असं नाही. पालकांनो, पहिला एक हंगाम मुलांना क्लबच्याच पिस्तुलावर खेळू द्या. विकत घेताना मुलाला सोबत न्या आणि साठही छर्रे मारून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.