स्विंगचा झोल आणि वाद्यवृंदाचा विस्तार

नांदेडच्या वजिराबादेतून किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती वरात निघाली आणि बँडने ‘अलबेला’तील एखादी चाल धरली, म्हणजे १९४८ साली निजामाच्या अंमलातून सुटलेल्या या मुलखात १९५१ सालच्या त्या चित्रपटाने जो ठेका रुजवला, त्याच्या मुळाशी अमेरिकेतील लहान नृत्य-बँडांचे स्विंग, म्हणजे जॅझचे झुलत्या लयीचे वादन, होते, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. त्या चित्रपटाचे संगीतकार, पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, आणि त्यांचे साहाय्यक, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी ते मुंबईच्या हॉटेलांतून चित्रपटाच्या विस्तृत वाद्यवृंदात आणले.

हे काम वाटते तितके सुलभ नव्हे. लहान बँडात डबल बास तारा छेडीत चार मात्रा चालतो, ड्रमवादक दुसरी व चौथी मात्रा उचलतो, आणि ट्रम्पेट किंचित रेंगाळत स्वर टाकतो. कागदावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन स्वर समान लिहिलेले असले, तरी वाजवणारा पहिला दीर्घ आणि दुसरा ह्रस्व करतो. सात-आठ जणांच्या कानांत हा झोल आपोआप जुळतो. तीच रचना सिंफनी वाद्यवृंदापुढे ठेवली, तर वीस व्हायोलिनांचे गज समान स्वर समानच ओढतात आणि स्विंग तिथेच निष्प्राण होते. म्हणून कुशल अरेंजर, म्हणजे चाल निरनिराळ्या वाद्यांत वाटून देणारा, लयीचा कारभार मूळच्या बास, गिटार, पियानो व ड्रम यांच्याकडेच राखतो, व्हायोलिनांना दीर्घ स्वर देतो, ब्रासच्या वाद्यांना तुटक सवालजबाब, आणि एकल वादकाच्या उत्स्फूर्त विहारासाठी केवळ कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, नावे लिहून बाकी जागा कोरी सोडतो. कोणी केव्हा गप्प राहावे, हे ठरवण्यातच या विद्येची खरी कसोटी आहे, असे माझे निश्चित मत आहे.

मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि अरेंजर ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवी. पोर्तुगीज अंमलातील गोव्याच्या चर्चसंलग्न शाळांत मुले ही लिपी लहानपणीच वाचावयास शिकत. म्हणूनच या कामी गोमंतकीयांचे वर्चस्व राहिले. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे सहसा दिसत नसत, आणि हा अन्याय मला आजही सलतो.

त्यांच्यापैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून हिंदुस्थानी रागांना सिंफनीच्या मांडणीत बसवण्याचा, म्हणजे जवळजवळ हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवण्याचा, यत्न केला. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यातून गुरूंचे नाव देशभर पोचवले, त्या नावामागचा संगीतकार मात्र फारच थोड्यांना ठाऊक झाला.