इंकजेट प्रिंटर महिनोन् महिने बंद ठेवताय? आधी हे वाचा

मुलांचे प्रोजेक्ट संपले की प्रिंटर कपाटावर जातो आणि जूनमध्ये खाली काढला की निळा रंगच गायब! माझ्या प्रिंटरचं शाई फवारणारं हेड असंच गेलं. चूक माझीच. मी थेट भिंतीवरचा स्विच पाडायचो.

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. मग हेड घर्रघर्र करत कोपऱ्यात जातं आणि रबरी गादीवर घट्ट टेकतं. शाईपेनाला टोपण लावावं, तसंच हे. वीज मध्येच तोडली तर हेड उघडं राहू शकतं आणि केसाहून बारीक छिद्रांतली शाई वाळते. आवाज थांबून दिवा विझला, की मगच स्विच.

कार्ट्रिज काढून ठेवू नका. टाकीवाला प्रिंटर आडवा-तिरका नको. ट्रेमधला कागद मात्र काढा, पावसाळ्यात सादळतो.

तुम्ही बाहेरगावी असाल आणि घरी कुणी असेल तर पंधरवड्यातून एकदा नोझल चेकचं पान छापायला सांगा, सगळ्या रंगांत. काळ्यावर भागवू नका, बाकीचे रंग तसेच वाळत बसतात.

परतल्यावर रेषा तुटक आल्या तर प्रिंटरमधलं हेड क्लीनिंग दोनदा करा, मग रात्रभर थांबा. वाळलेली शाई तेवढ्यात भिजून सुटू शकते. सारखं क्लीनिंग केलंत तर महागाची शाई आतल्या स्पंजात मुरते आणि तोही भरतो. छिद्रांत सुई घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!

वर्षाला चारच पानं छापत असाल तर सरळ लेझर घ्या. टोनर म्हणजे कोरडी पूड, वाळायचा प्रश्नच नाही.