इंग्रजी नाचाची चाल आणि संस्कृत स्तुति

परकी चाल उचलली कीं संगीत बाटतें, हा आक्षेप ठाणें-कल्याणाकडील घरांतून आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. त्यास उत्तर म्हणून ‘गॅलोपेड’ ही इंग्रजी ग्रामनृत्याची चाल पाहावी. कंपनी सरकारच्या बँडांमुळें अशा चाली दक्षिणेंत कानांवर येऊं लागल्या. तंजावरास आपले मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्य १७९८–१८३२) यांनींही पाश्चात्त्य वाद्यवृंद बाळगला होता. मुत्तुस्वामी दीक्षितरांनीं (१७७५–१८३५) ‘गॅलोपेड’वर ‘कमलासनवंदित’ ही संस्कृत देवीस्तुति बसविली. त्यांच्या अशा रचनांस ‘नोटुस्वर’ म्हणतात. त्या शंकराभरणांत, म्हणजे आपल्या बिलावलाच्या सुरांत, आहेत. एवढ्यानें दीक्षितरांचें सोवळें मोडलें नाहीं. मग नातवानें पेटीवर इंग्रजी गत वाजविली, तर आम्हीं वडिलांनीं कां रागवावें?